कपाटातले नकाशे भिंतीवर लावा : नागपूरच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

विषय : शाळेतील नकाशे वर्गात लावणे आणि भूगोलाची एक तासिका नकाशासाठी राखून ठेवणे.

गेली सव्वीस वर्षं मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते आहे. येत्या एप्रिलअखेर निवृत्त होईन. जाण्याआधी एक मागणं आहे. ते माझ्या एकट्या शाळेपुरतं नाही, म्हणून चारचौघांत मांडते आहे.

२४ जून २०२५ ची सकाळ. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे आमची शाळा नुकतीच सुरू झाली होती. प्रार्थना संपली आणि नववीतला एक मुलगा रांगेतून निघून सरळ माझ्याकडे आला. डोळे तांबारलेले. म्हणाला, "मॅडम, कतार इराणच्या बाजूलेच आहे का जी?"

त्याचा मोठा भाऊ दोहाला एसी फिटिंगच्या कामावर आहे. आदल्या रात्री इराणने कतारमधल्या अल-उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रं डागली होती. भावाचा फोन लागत नव्हता. आई रात्रभर टीव्हीसमोर बसून होती. भांडण इराणचं आणि इस्रायलचं, मग मार कतारवर का, हे घरात कोणालाच उमजत नव्हतं. "कतार म्हणजे दुबईतच ना?" असं वडिलांनी विचारलं होतं, आणि त्याला उत्तर देता आलं नव्हतं.

मी म्हटलं, चल, नकाशात बघू. आणि नकाशा सापडेना.

सापडला तो प्रयोगशाळेमागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी. गुंडाळी उलगडली तशी धूळ आणि डांबरगोळीचा वास एकदमच आला. त्या नकाशात सोव्हिएत संघ अजून एकसंध होता. सुदानचे दोन देश व्हायचे होते. अरबी समुद्राची एक कड उंदराने कुरतडली होती, पण पर्शियन आखातात वर आलेलं कतारचं बोट शाबूत होतं. मुलाने त्यावर आपलं बोट ठेवलं तर अख्खा देश झाकला गेला. "एवढुसा?" तो म्हणाला. मग समोरचा इराणचा किनारा त्याने स्वतःच शोधला. मधे पाण्याची एक चिंचोळी पट्टी तेवढी होती. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला माझ्याआधी मिळालं.

दुसऱ्या तासाला निरोप आला की भावाचा फोन लागला, तो सुखरूप आहे. पण मुलगा नकाशापासून हलायला तयार नव्हता. मधल्या सुट्टीत वर्गातली दहा-पंधरा पोट्टी जमली. एकीने विचारलं, आखातात शिरलेली जहाजं बाहेर निघतात कुठून? तिला होर्मुझची सामुद्रधुनी दाखवली. सगळ्यात अरुंद जागी नागपूर ते रामटेक एवढंही अंतर नाही. जगात दररोज खपणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा तेवढ्या फटीतून बाहेर पडतो. आपण बाहेरून मागवतो त्या द्रवरूप नैसर्गिक वायूत सर्वांत मोठा वाटा कतारचा, आणि तोही याच वाटेने येतो. घरच्या सिलिंडरमधला गॅस देशाला निम्म्याहून जास्त बाहेरून आणावा लागतो आणि त्यातला बहुतेक आखातातूनच येतो, हे ऐकल्यावर तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या घरची शेगडी इथं जोडली आहे." सव्वीस वर्षांत मला होर्मुझ इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

आता माझी तक्रार. ती आपणा सर्वांकडेच आहे, आणि त्यात मीही आले, कारण तो नकाशा इतकी वर्षं कपाटावर पडला होता आणि मी खडूने फळ्यावर बाह्यरेखा काढून भागवत होते.

भूगोल आपल्याकडे ४० गुणांचा विषय आहे आणि त्याला वागणूकही तेवढीच मिळते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या हिशेबात, पद बसत नाही, मग कार्यभार भरायला ज्याचे तास कमी पडतात त्याला भूगोल दिला जातो. दुसरी घटक चाचणी झाली की भूगोलाचा तास गणिताला जातो. 'भूगोल काय, मुलं घरी वाचतील' हे वाक्य मी इतक्या स्टाफरूममध्ये ऐकलं आहे की आता मान वर करून बघतही नाही. २०२० साली कोरोनामुळे दहावीचा एकच पेपर राहून गेला, तो भूगोलाचा. २३ मार्चला व्हायचा होता. आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला, आणि मुलांना सरासरीने गुण मिळाले. एक रोग देशोदेशीच्या सीमा ओलांडत आपल्या दारापर्यंत कसा आला, हे त्या वर्षी नकाशावर शिकवायला हवं होतं. आम्ही गुणांची सरासरी काढत बसलो.

मुलांना नकाशा येतो, असं आपल्याला वाटतं. दहावीत भारत आणि ब्राझील आहेत, आराखड्यात ठिकाणं भरायचे हक्काचे गुण आहेत, मुलं ते मिळवतात. दोन वर्षांपूर्वी सराव परीक्षेनंतर मी एक गोष्ट करून पाहिली. ब्राझीलचा आराखडा उलटा छापून वाटला, दक्षिण वर. वर्गात बेचाळीस मुलं होती. मानौस शहर बरोबर दाखवणारी सहा निघाली. बाकीच्यांनी ठिपक्याची जागा पाठ केली होती : वरून एवढं खाली, डावीकडून एवढं आत. मानौस ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे म्हणून नदीच्या आधाराने शोधावं, हे कोणी केलं नाही. ही मुलं नापास झाली नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत त्यांना चांगले गुण पडले, आणि म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत सुट्ट्या होत्या, पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलं जागी होती. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या टीव्हीवर चालल्या आणि मुलांनी त्या एकमेकांना पाठवल्या. एका मुलीने रात्री साडेअकराला विचारलं, नागपूरपर्यंत येईल का? मी तिला एक काम दिलं. घरातला ॲटलास काढ, दोरा घे, सीमेपासून नागपूरपर्यंत ठेव आणि खालच्या प्रमाणपट्टीवर मोज. वीस मिनिटांनी तिने आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, झोपते. कोणतं क्षेपणास्त्र किती लांब जातं, हा पुढचा प्रश्न. पण भीतीला आधी अंतर कळावं लागतं.

कोणी म्हणेल, नागपूर देशाच्या मध्यावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. इथल्या मुलांना होर्मुझ आणि सुएझ कशाला? मला उलट वाटतं. आपलं शहर आज जसं आहे ते घडवण्यात दूरच्या समुद्राचा मोठा हात आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. इंग्रजांची नजर वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस त्याच्या नावानिशी ओळखला जात होताच. भाव चढले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोचली, तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव कोसळले होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपला आणखी जवळ आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आमच्या शाळेत निम्म्या मुलांचे आजे-पणजे गिरणीत होते. त्यांच्या घराण्याची गोष्ट एका अमेरिकी युद्धाशी बांधलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. इतिहासाच्या पुस्तकात ते युद्ध एका पानावर, भूगोलाच्या पुस्तकात कापूस दुसऱ्या पानावर. नकाशा भिंतीवर असला की दोन्ही पानं एकाच जागी येतात.

आणि नकाशाचं म्हणाल तर आपण त्याच्या घरातच राहतो. १८०२ मध्ये मद्रासजवळ देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात करणारा विल्यम लॅम्ब्टन हा पायदळातला अधिकारी. टिपूविरुद्धच्या लढाईनंतर त्याने मोजणीचं काम मागून घेतलं. साखळ्या आणि कोन मोजायचा अवजड थिओडोलाइट घेऊन दक्षिणेतून मोजत मोजत तो वर सरकला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, नागपूरपासून सकाळी निघून दुपारी परत येता येईल एवढ्या अंतरावर. किती शाळांची सहल तिथे गेली? झिरो माइलचा दगड तर शहरातच आहे. मुलं तिथे चार घोड्यांसोबत फोटो काढतात. शेजारच्या दगडावर कोरलेली समुद्रसपाटीपासूनची उंची त्यांना कोणीतरी वाचून दाखवली पाहिजे. समुद्र दिसतही नाही अशा जागी उभं राहून त्याच्या पातळीपासून आपण किती वर आहोत, हे माणसांनी पायी चालत मोजलं होतं.

पाण्याचा धडा मी दरवर्षी पेंच नदीवरून सुरू करते. जुलै २०१९ आठवतं ना? तिच्यावरचं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपुरात एक दिवसाआड नळ येऊ लागले. पाऊस कमी होताच, शिवाय वर मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे पेंचवर चौराई धरण झालं होतं आणि खाली येणारं पाणी घटलं होतं. मुलांच्या घरी पाण्याचे गुंड रांगेत होते, त्यामुळे वरच्याने अडवलं की खालच्याचं काय होतं हे समजावून सांगावं लागलं नाही. मग मी नकाशात निळी नाईल दाखवते. इथिओपियाच्या ताना सरोवरातून निघणारी ही नदी सुदानमध्ये खार्टूमला पांढऱ्या नाईलला मिळते आणि पुढे इजिप्त जगवते. इजिप्तचं ९० टक्क्यांहून जास्त गोडं पाणी नाईलचं. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने नाईलचं पाणी आपसांत वाटून घेतलं, त्या करारात इथिओपिया नव्हताच. २०११ मध्ये इथिओपियाने सुदानच्या सीमेजवळ मोठं धरण बांधायला घेतलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. एवढं सांगून मी वर्ग दोन भागांत वाटते : अर्धे इथिओपिया, अर्धे इजिप्त. गेल्या वर्षी इथिओपियाच्या बाजूचा एक मुलगा तावातावाने म्हणाला, "आमच्या घरी लाइट नाही, मॅडम, आम्ही काऊन नाही बांधायचं?" आणि मग स्वतःच थबकला, कारण चौराईबद्दल तो आठवडाभर उलटं बोलत आला होता.

त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. इथिओपियाचा समुद्र कुठे गेला, असा प्रश्न निघाला. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि एवढ्या मोठ्या देशाला किनाराच उरला नाही. त्याचा बहुतेक माल जिबूतीच्या बंदरातून ये-जा करतो. जिबूती बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. लाल समुद्रातून सुएझकडे जाणारी जहाजं तिथून जातात. म्हणून त्या एवढ्याशा देशात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि २०१७ पासून चीन, अशा सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. पेंचच्या नळापासून निघालेली मुलं चाळीस मिनिटांत जिबूतीला पोचली. पुस्तकात असा धडा नाही. हे सगळं होऊ शकलं कारण नकाशा समोर होता आणि बोट एका देशावरून शेजारच्या देशावर सरकवता येत होतं.

युक्रेनचंही तसंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे सुमारे २० हजार भारतीय विद्यार्थी होते, त्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी खार्कीवला. २ मार्चला दूतावासाने सांगितलं, मिळेल त्या मार्गाने, नाही तर पायी, खार्कीव सोडा : पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाय १२, बेझल्युदिव्का १६. परतल्यावर भेटायला आली तेव्हा तिने एक वही दाखवली. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून तिने त्या तीन गावांचा आराखडा वहीत काढून ठेवला होता, वर बाणाने उत्तर दिशा, खाली प्रमाण. रेषा वाकड्यातिकड्या, पण दिशा बरोबर. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आहे आणि दर जूनमध्ये पहिल्या तासाला मुलांना दाखवते.

त्याच वर्षी युक्रेनचा गहू काळ्या समुद्रात अडकला. रेल्वेने युरोपात का नेत नाहीत, असं मुलं विचारत. नागपूरकरांना याचं उत्तर पटकन कळावं. काही वर्षांपूर्वीपर्यंत इतवारीहून नागभीडला छोटी लाइन जायची; मोठ्या लाइनचा डबा तिच्यावर चालायचा नाही. युक्रेनचे रूळ रशियासारखे १५२० मिलिमीटर रुंद, पलीकडे पोलंडपासून युरोपचे १४३५. सीमेवर माल उतरवून पुन्हा चढवा नाही तर डब्याची चाकं बदला. ८५ मिलिमीटर म्हणजे मुलाची वीतसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर धान्य अडून राहतं. सैन्याची रसदही त्याच रुळांवर हलते, म्हणून युद्धात रेल्वेचे जंक्शन आणि पूल पहिल्यांदा लक्ष्य होतात.

कामठीच्या शाळांना वेगळं सांगायला नको. तिथे गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, लष्करात असलेल्यांची मुलं वर्गात आहेत. आमच्याकडेही दोन-तीन असतात. २०१७ मध्ये भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या डोकलामला चीन रस्ता बांधतो आहे म्हणून आपलं सैन्य अडीच महिने समोरासमोर उभं राहिलं, तेव्हा एका मुलीचे वडील सिक्कीमला होते. एका रस्त्यासाठी एवढं का, हे तिला पडलेलं कोडं. सिलिगुडीची पट्टी नकाशात दाखवली : सर्वांत अरुंद भागात साधारण २० किलोमीटर, म्हणजे इथून कन्हानपर्यंत. तेवढ्या पट्टीतून ईशान्येकडच्या राज्यांचा रस्ता आणि रेल्वे जाते. डोकलामचा रस्ता त्या बाजूला उतरत होता. तिने वडिलांना पत्र लिहिलं, त्यात आपणहून नकाशा काढला.

तर माझं मागणं असं. आपल्या शाळेतली कपाटं उघडा आणि नकाशे बाहेर काढा. जुने असले तरी टाकू नका. सोव्हिएत संघाचा नकाशा आजच्या नकाशाशेजारी लावला की युक्रेनवर वेगळा धडा लागत नाही. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक जगाचा आणि एक भारताचा नकाशा कायम टांगलेला असावा, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. फाटेल, मळेल, बोटांचे डाग पडतील. पडू द्या. डिजिटल पॅनल आहे, मग हे कशाला, असं काही शाळांतून मला ऐकवलं गेलं. पॅनलवर मी शोधते तेवढंच दिसतं आणि तास संपला की बंद होतं. भिंतीवरच्या नकाशासमोर मूल मधल्या सुट्टीत डबा खात उभं राहतं आणि जे कोणी विचारलं नाही तेही बघतं.

दुसरं, शनिवारच्या सकाळच्या शाळेत भूगोलाची एक तासिका नकाशाला द्या. त्या आठवड्यातली एक बातमी मुलांनी आणायची, ती जागा नकाशात शोधायची, शेजारी कोण, पाणी कुठून, रस्ता कुठून, बंदर कुठलं, एवढे प्रश्न विचारायचे. परीक्षा नको, वही तपासणी नको. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं आणि कळमन्यात भाव पडला, ही बातमी काटोलच्या बागायतदाराच्या मुलाने आणली तर त्याला पेट्रापोल-बेनापोलची भारत-बांगलादेश सीमा दाखवा. तिथून पुढे वर्ग स्वतः चालतो. आणि हा तास गणिताला देऊ नका, एवढी हमी मात्र आपणच देऊ शकता. भूगोलाच्या शिक्षकाच्या हातात ते नसतं.

पैशाचा प्रश्न मी समजू शकते. वेतनेतर अनुदानाची स्थिती आपल्या सर्वांना माहीत आहे. पण बहुतेक शाळांना आज नवीन काहीच घ्यावं लागणार नाही. नकाशे घरात आहेत.

निवृत्तीनंतर माझे शनिवार मोकळे आहेत. नागपूर शहरात किंवा कामठी, हिंगणा, काटोल, उमरेडपर्यंत ज्या शाळेला हवं असेल तिथे मी स्वखर्चाने येईन. फाटलेल्या नकाशांना मागून कापड कसं लावायचं, जुन्या नकाशावर नव्या सीमांच्या पट्ट्या कशा चिकटवायच्या, हे शिपाईकाकांना आणि मुलांना दाखवीन आणि पहिला तास घेईन. कृपया त्या दिवशी भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना दुसरं काम देऊ नका.

आमच्या शाळेतला तो नकाशा आता नववी 'ब'च्या मागच्या भिंतीवर आहे. कुरतडलेल्या कडेला मुलांनी निळा कागद लावून समुद्र पुरा केला आहे. दोहाच्या ठिपक्याभोवती कोणीतरी पेन्सिलने गोल केला आहे आणि शेजारी बारीक अक्षरात एक नाव लिहिलं आहे. ते मी पुसलेलं नाही.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
नागपूर